दिवा कुठे ठेवला होता?

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक काळा भुंगेरा घरात शिरला, रात्रभर ट्यूबलाइटवर आपटत राहिला आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेला सापडला. लांबी जेमतेम सात मिलिमीटर. मॅक्रो लेन्स नवीनच घेतली होती, त्यामुळे हात शिवशिवत होते. दोन बाजूंना दोन फ्लॅश लावले, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन पांढरेशुभ्र ठिपके! अगदी नेमके, जोडीने. हाताशी होती ती सगळी पुस्तकं चाळली. तशा ठिपक्यांचा भुंगेरा कुठेच दिसेना. मग काय, मनातल्या मनात मांडे खाऊन झाले. शेवटी, कीटकांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या एका काकांना फोटो पाठवला. त्यांचं उलट एकच वाक्य आलं : "दिवा कुठे ठेवला होता?"

म्हटलं, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"अरे, मग ते दोन ठिपके तुझ्या दिव्यांचेच. तू आरशात दिवे पाहिलेस. किडा अजून पाहायचाच आहे."

तेव्हापासून बारीक जिवाचा कुठलाही फोटो पाहिला, की आधी तोच प्रश्न मनात येतो. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत आपले डोळे उजेडाची लबाडी सहज ओळखतात. पितळी तांब्यावर खिडकी चमकली, तर तांब्याला पांढरा चट्टा पडलाय असं कुणी म्हणत नाही. पण मुंगीचं डोकं किंवा फुलपाखराचं अंडं आपण इतक्या जवळून कधी पाहिलेलंच नसतं. तिथे चकाकी कुठली, रंग कुठला, उंचवटा कुठला आणि खड्डा कुठला हे ठरवायला अनुभव हाताशी नसतो. जे ठरवायचं ते दिव्याच्या भरवशावर.

हूकची माशी

हा घोळ साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक १६६५ साली लंडनमध्ये निघालं. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या पिसू, उवा, मुंग्या आणि बुरशीची मोठमोठी चित्रं त्यात होती. पुस्तकाच्या प्रस्तावनेत हूकने माशीच्या डोळ्याची गंमत सांगितली आहे. एका प्रकारच्या उजेडात तो डोळा बारीक भोकं पाडलेल्या जाळीसारखा दिसला. उन्हात धरला तर सोन्याचे खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा. दिशा बदलली तर पिरॅमिडांसारखा, पुन्हा बदलली तर शंकूंसारखा. माशी तीच आणि डोळाही तोच. म्हणून हूकने स्वतःला शिस्त लावून घेतली होती : वेगवेगळ्या उजेडात आणि वेगवेगळ्या कोनांतून पाहून खरा आकार कळल्याशिवाय चित्राला हात लावायचा नाही.

उजेडासाठी त्याने केलेल्या खटपटीही वाचण्यासारख्या आहेत. रात्री दिव्यापुढे मिठाच्या पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून तो उजेड एकवटायचा. दिवसा ऊन फार टोचायला लागलं, की नमुन्याच्या अगदी जवळ तेल लावलेला कागद धरायचा, म्हणजे उजेड मऊ होऊन पसरतो. आजचे फोटोग्राफर फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावतात, ती हीच युक्ती. मुंगी काही केल्या एका जागी थांबेना, तेव्हा त्याने तिला दारूत बुडवून झिंगवली, ही गोष्टही त्यानेच लिहून ठेवली आहे.

उजेड जातो कुठे?

छोट्या वस्तूचा मोठा फोटो काढताना पहिली अडचण येते ती उजेडाच्या टंचाईची. लेन्समधून आलेला तेवढाच उजेड जास्त मोठ्या प्रतिमेवर पसरावा लागतो. वस्तूचा जेवढा आकार तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पाडली, म्हणजे एकास एक प्रमाणात, की लांबच्या वस्तूच्या तुलनेत उजेड एक चतुर्थांश उरतो. पाचपट मोठी प्रतिमा पाडली, तर छत्तिसावा हिस्सा.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. एकास एक प्रमाणात, लेन्सचं तोंड किती उघडं ते ठरवणाऱ्या एफ-८ अ‍ॅपर्चरला, समोरची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी रेखीव दिसते. पाचपट मोठेपणाला एफ-२.८ वर ही पट्टी उरते सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या निम्म्या जाडीची. मुंगीच्या डोळ्यावर फोकस केला, तर मिशीचं टोक धुक्यात. अ‍ॅपर्चर बारीक करावं, तर उजेड आणखी घटतो. आणि फारच बारीक केलं, तर उजेड कडांशी वळून पसरल्यामुळे सगळंच चित्र मवाळ होतं.

तिसरी अडचण हालचालीची. झाडावरचा किडा वाऱ्याच्या झुळकीने एक मिलिमीटर हलला, तरी पाचपट मोठ्या फोटोत तो पाच मिलिमीटर सरकतो. इथे फ्लॅश कामाला येतो. हातातला साधा फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटला, तर सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका पेटतो. तोच कमी ताकदीवर ठेवला, तर त्याची चमक वीस हजाराव्या भागात संपते. तेवढ्या वेळात पंखसुद्धा थबकल्यासारखा दिसतो. म्हणून मॅक्रोवाले फ्लॅश जवळ आणतात आणि त्याची ताकद कमी करतात.

आता चौथी अडचण. लेन्स वस्तूच्या इतकी जवळ गेलेली असते, की मध्ये चार-पाच सेंटिमीटरच जागा उरते. उजेड त्या फटीतून आत शिरवायचा, तोही लेन्सची सावली पडू न देता. या कलेतली निम्मी कारागिरी त्या फटीतच चालते.

आषाढातलं आभाळ

कडक उजेड आणि मऊ उजेड यांतला फरक दिव्याच्या ताकदीत नसतो. वस्तूच्या जागेवरून पाहिलं, तर दिवा आभाळाचा किती भाग व्यापतो, यावर तो ठरतो. सूर्याचा व्यास जवळजवळ चौदा लाख किलोमीटर, पण तो पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्याने आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका दिसतो. म्हणून ऊन कडक, सावल्या धारदार. आषाढात आभाळ भरून आलं, की तेच ऊन ढगांत झिरपून सगळ्या आभाळभर पसरतं. दिवा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोठा होतो, सावल्या विरघळतात. फुलांचे फोटो पावसाळी दुपारी चांगले येतात, ते यामुळेच.

सात मिलिमीटरच्या भुंगेऱ्यासाठी असं आभाळ तयार करायला फार काही लागत नाही. तळहाताएवढा ट्रेसिंग पेपर त्याच्यापासून चार बोटांवर धरला, की भुंगेऱ्याच्या दृष्टीने तोच ढगाळ आभाळ. कुणी पिंगपाँगचा चेंडू कापून वापरतं, कुणी थर्माकोलची वाटी, कुणी चहाच्या कागदी कपाचं बूड काढून तो नमुन्याभोवती उभा करतं. कपाबाहेरून दिवे सोडले, की आत सगळीकडून सारखा उजेड येतो.

यातही एक खोच आहे. फ्लॅश ट्रेसिंग पेपरला चिकटवून ठेवला, तर कागदाच्या मधोमध एक भगभगीत डाग पडतो आणि कडेचा कागद अंधारातच राहतो. कागद मोठा असला, तरी दिवा पुन्हा लहानच. म्हणून फ्लॅश जरा मागे घ्यायचा किंवा कागदाचे दोन थर मध्ये बोटभर अंतर सोडून लावायचे. पहिला थर उजेड पसरवतो, दुसरा त्याला सपाट करतो. आपला डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा हा पडदा, जमला की नाही, हे पाहायची सोपी कसोटी म्हणजे सायकलच्या बेअरिंगमधला स्टीलचा छर्रा. किड्याच्या जागी तो ठेवून फोटो काढायचा. छऱ्यात जे दिसेल, तेच भुंगेऱ्याच्या पाठीवर दिसणार.

आरशाचा रंग

भुंगेऱ्याची पाठ म्हणजे बहिर्वक्र आरसा. दुकानाच्या कोपऱ्यात लावलेल्या फुगीर आरशात सगळं दुकान मावतं, तशी भुंगेऱ्याच्या पाठीवर सगळी खोली मावते. तिथली चकाकी पूर्ण घालवता येत नाही. तिचा आकार मात्र आपल्या हातात असतो. दोन टोचरे ठिपके हवेत, की पाठीच्या गोलाईवरून अलगद उतरत जाणारा एक रुंद, मऊ पट्टा हवा? हा पट्टा तर गोलाई समजावून सांगतो.

चकाकी खरोखरच काढायची असेल, तर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी, लागतो. दिव्यापुढे एक पोलरायझर आणि लेन्सपुढे दुसरा, पहिल्याच्या काटकोनात फिरवलेला. पृष्ठभागावरून आरशासारखा परतलेला उजेड आपली कंपनाची दिशा बऱ्याच अंशी टिकवून असतो, त्यामुळे तो दुसऱ्या पोलरायझरपाशी अडतो. पृष्ठभागाच्या आत शिरून, इकडेतिकडे आपटून, रंगद्रव्याचा रंग घेऊन बाहेर आलेला उजेड ती दिशा विसरलेला असतो. तो पार होतो. लाल-काळ्या लेडीबर्डवर हा प्रयोग केला, की चकाकीखाली दबलेला लाल रंग अक्षरशः उमलून येतो.

आता तेच सोनपाखरावर करून पाहा. पावसाळ्यात बाभळीवरून धरून आणलेलं, काडेपेटीत ठेवलेलं, पाला खाऊ घातलेलं ते हिरवंगार सोनपाखरू अनेकांच्या लहानपणात असेल. पोलरायझर काटकोनात फिरवला, की त्याचं हिरवं सोनं बहुतांशी मावळतं आणि हाती काळपट तपकिरी किडा राहतो. कारण त्याच्या पाठीवरच्या त्या हिरव्याचं रंगद्रव्यच नाही. पाठीच्या कवचात अतिशय पातळ थरांची चवड असते. प्रत्येक थरावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्यांत हिरवी लहर बळावते, बाकीच्या एकमेकींना खोडून काढतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच तत्त्वाने. हा रंग म्हणजेच चकाकी. चकाकी काढली, की रंगही गेला. सोनपाखराला म्हणूनच वरून, सर्व बाजूंनी, रुंद मऊ उजेड लागतो. पाठीचा प्रत्येक उतार त्या उजेडाचा कुठला ना कुठला तुकडा लेन्सकडे फेकतो आणि ते अंगभर हिरवं होतं.

काही भुंगेरे याच्याही पुढचे. प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अल्बर्ट मायकेलसनने १९११ साली एका सोनेरी भुंगेऱ्याची तपासणी केली. त्याच्या पाठीवरून परतणारा उजेड वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं मळसूत्रासारखी फिरत येतात, असं त्याला आढळलं. अशा किड्याकडे एका फिरकीच्या गाळणीतून पाहिलं, तर तो सोन्याचा दिसतो आणि उलट्या फिरकीच्या गाळणीतून पाहिलं, तर काळा. याचा खरा रंग कोणता म्हणायचा?

सारवलेली जमीन

गावाकडे शेणाने सारवलेल्या ओसरीवर सकाळची तिरपी उन्हं आली, की सारवणाऱ्या हाताच्या बोटांच्या ओळी न् ओळी उठून दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात तीच जमीन गुळगुळीत भासते. किड्याच्या अंगावरची नक्षी, बियांच्या सालीवरचे खळगे, फुलपाखराच्या अंड्यावरचे कंगोरे पाहायचे, तर दिवा असाच जमिनीलगत न्यावा लागतो. पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचा कोन केला, तर प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळते आणि दुसरीमागे सावली लांबते. दिवा लेन्सच्या बरोबरीने समोरून मारला, तर सावली वस्तूच्या मागे लपते आणि कोरीव काम सपाट होतं. लेन्सभोवती बसणारा गोल रिंग फ्लॅश दातांच्या डॉक्टरांना उपयोगी पडतो. तोंडाच्या पोकळीत सावली नकोच असते. मुंगीच्या पाठीवर मात्र तो सगळी नक्षी बुजवून टाकतो.

तिरप्या उजेडात एकच सावधगिरी. आपला मेंदू गृहीत धरतो, की उजेड वरून येतो, कारण सूर्य वर असतो. फोटोत उजेड खालून आला, तर डोळे उलटं वाचतात : खड्डे टेकाडं होतात आणि टेकाडं खड्डे. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला, तर विवरं फुगल्यासारखी दिसतात, ती याच कारणाने. म्हणून जीवशास्त्राच्या रेखाटनांत उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून दाखवण्याचा संकेत आहे. तो पाळला, की दोन देशांतल्या दोन अभ्यासकांना एकाच खड्ड्याबद्दल वाद घालावा लागत नाही. दिव्याच्या समोरच्या बाजूला पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद उभा केला, की गडद सावल्यांत थोडा उजेड परततो आणि काळ्या किड्याचे पायही हिशेबात येतात.

पाठीमागचा कागद

उजेडाइतकीच पार्श्वभूमीही बोलते. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या काळ्या मुंगीची बाह्यरेषा स्वच्छ मिळते, पण अंगावरची पांढरी लव कागदात विरघळते. काळ्या मखमलीवर लव चांदीच्या तारांसारखी उभी राहते, पण काळे पाय हरवतात. मखमलीचीच शिफारस का? तिचे उभे धागे पडलेला उजेड आतल्या आत गिळतात. काळा कागद मात्र तिरप्या उजेडात करडा होतो.

नुसती पार्श्वभूमी बदलल्याने काय सापडू शकतं, याचं मोठं उदाहरण २०११ सालचं. बारीक माश्या आणि गांधीलमाश्यांच्या चुलत बहिणी असलेल्या चिमुकल्या परजीवी माश्या, यांचे पंख पारदर्शक असतात. कीटकशास्त्रज्ञ पिढ्यानपिढ्या ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहत आले, शिरांची मांडणी टिपत आले. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्या पंखांमागे काळं काहीतरी ठेवून पाहिलं, तर पंखांवर निळे, हिरवे, जांभळे, पिवळे पट्टे झळकले. पंखाच्या पटलाची जाडी जागोजागी वेगळी, म्हणून रंग वेगळे. ही रंगांची मांडणी यदृच्छेने येत नाही, ती प्रजातीगणिक ठरलेली असते, असं त्यांनी दाखवलं. कपाटांमध्ये हे किडे टाचण्या टोचून वर्षानुवर्षं पडून होते. पांढऱ्या कागदापुढे ते रंग पुसले जात होते, इतकंच.

कवडशातली धूळ

आतापर्यंत उजेड वरून पडत होता. पण कांद्याचा पापुद्रा, पाण्यातली डॅफ्निया, डासाची अळी किंवा तळ्यातले डायटम अशा झिरझिरीत गोष्टींना उजेड आरपार जावा लागतो. जर्मनीच्या ऑगस्ट कोलरने १८९३ साली या उजेडाची घडी बसवली. तोवर दिव्याच्या ज्योतीची प्रतिमा नमुन्यावरच पडायची आणि चित्र डागाळायचं. कोलरने भिंगांची मांडणी अशी केली, की ज्योतीची प्रतिमा कंडेन्सरच्या, म्हणजे नमुन्याखालच्या उजेड एकवटणाऱ्या भिंगाच्या, तोंडाशीच पडावी आणि नमुन्यावर फक्त सारखा, स्वच्छ उजेड यावा. आजही मायक्रोस्कोप शिकताना हा धडा आधी गिरवतात.

पण आरपार उजेडात पारदर्शक वस्तू फिक्या दिसतात. त्यांवर जुना, घरगुती वाटावा असा इलाज आहे. कौलारू घरात कौलाच्या फटीतून कवडसा आला, की त्यात हवेतली धूळ नाचताना दिसते. ती धूळ घरभर असते. कवडशातच का दिसते? कारण धुळीवर उजेड बाजूने पडतो आणि तिच्यामागे अंधार असतो. कंडेन्सरखाली मधोमध काळ्या कागदाची गोल चकती ठेवली, की सरळ येणारा उजेड अडतो आणि कडेने शिरलेला तेवढा नमुन्यावर तिरपा पडतो. लेन्समध्ये थेट उजेड जातच नाही, नमुन्याने विखुरलेला तेवढा जातो. काळ्या मैदानावर पाण्यातले जीव काजव्यांसारखे उजळतात. शाळेतल्या मायक्रोस्कोपवर कमी मोठेपणाच्या भिंगाखाली हे सहज जमतं. चकतीचा आकार तेवढा दोन-चारदा कापून पाहावा लागतो. ज्युलियस राइनबर्गने १८९६ साली काळ्या चकतीऐवजी रंगीत काचा वापरल्या. मधली निळी, भोवतीची कडी पिवळी. मग निळ्या पाण्यात पिवळा जीव पोहताना दिसतो, एक थेंबही रंग न घालता.

पेशींच्या बाबतीत फ्रिट्स झेर्निके या डच शास्त्रज्ञाने वेगळीच क्लृप्ती काढली. जिवंत पेशीतून जाताना उजेडाचं तेज घटत नाही, पण त्याला किंचित उशीर होतो. डोळ्याला उशीर दिसत नाही. झेर्निकेने त्या उशिराचं रूपांतर उजळ-काळोखात केलं आणि रंगवून मारल्याशिवाय जिवंत पेशी पाहता येऊ लागल्या. त्याला १९५३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी मात्र त्याहून सोपा चमत्कार पाहता येतो : बटाट्याचा कीस पाण्यात कालवून एक थेंब दोन काटकोनी पोलरायझरांमध्ये धरला, तर स्टार्चच्या प्रत्येक कणावर काळी फुली उमटते.

मायक्रोस्कोपही नसेल, तर मोबाइलला लावायचं छोटं मॅक्रो भिंग आणि दुसऱ्या मोबाइलचा पांढरा पडदा पुरे. पापुद्रा काचेवर ठेवायचा आणि पडदा काचेपासून तीन-चार बोटं खाली धरायचा, म्हणजे पडद्याचे बारीक ठिपके फोटोत उमटत नाहीत. स्वस्तातले एलईडी दिवे मात्र जपून वापरावेत. घरच्या विजेवर त्यांतले काही सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं आणि फोटोत आडवे पट्टे येतात.

विंचवाचा निळा उजेड

काही उजेड आपल्याला दिसतच नाही, तरी नमुना त्याला उत्तर देतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चचा झोत दगडाखालच्या विंचवावर पडला, की तो निळसर हिरवा पेटतो. त्याच्या कवचातली बीटा-कार्बोलिनसारखी रसायनं अतिनील उजेड शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकतात. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं, तसा तो पेटू लागतो. संग्रहालयात विंचू अल्कोहोलमध्ये बरीच वर्षं ठेवला, की ते अल्कोहोलही चमकायला लागतं. मात्र हा झोत डोळ्यांवर घेऊ नये, स्वतःच्याही आणि इतरांच्याही.

बाटलीतल्या नमुन्यांची वेगळी तऱ्हा. ओला किडा बाहेर काढला, तर अंगावरच्या अल्कोहोलच्या थेंबाथेंबात दिवा चमकतो, केस चिकटतात. म्हणून तो अल्कोहोलमध्येच पूर्ण बुडवून, बाजूने उजेड देऊन टिपतात. पाय हवे तसे धरून ठेवायला बशीच्या तळाशी हात धुवायचा पारदर्शक सॅनिटायझर जेल घालतात.

हजार फोटोंचा एक किडा

स्पष्टतेची पट्टी कागदाच्या निम्म्या जाडीची असेल, तर सगळा किडा रेखीव कसा मिळवायचा? कॅमेरा कणाकणाने पुढे सरकवत शेकडो फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने त्यांतले रेखीव भाग निवडून एकच फोटो शिवायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. ते चालू असताना दिवा तसूभरही हलता कामा नये. चकाकी सरकली, की सॉफ्टवेअर तिलाच किड्याचा भाग समजून शिवून टाकतं. प्रतिमा इतकी मोठी केली, की धूळही पाठ सोडत नाही. अमेरिकी सरकारच्या मधमाश्यांच्या एका प्रयोगशाळेत फोटोआधी माश्यांना चक्क साबणाच्या पाण्याने अंघोळ घालून गरम हवेने वाळवतात, तेव्हा कुठे त्यांची लव फुलून उभी राहते.

ब्रिटिश फोटोग्राफर लेव्हॉन बिस याने ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या किड्यांवर हे तंत्र टोकाला नेलं. २०१६ सालच्या त्याच्या प्रदर्शनातल्या एकेका किड्यामागे आठ-दहा हजार फोटो आहेत. दोन फोटोंमध्ये कॅमेरा अवघा दहा मायक्रॉन सरकतो. त्याची खरी करामत उजेडात आहे : तो किड्याचे सुमारे तीस भाग पाडतो आणि प्रत्येक भागाला वेगळी प्रकाशयोजना करतो. मिशीला एक, डोळ्याला दुसरी, पंखाला तिसरी. भिंतीएवढे मोठे केलेले ते किडे पाहून माणूस अवाक होतो. पण असा उजेड त्या किड्यावर एकाच वेळी कधीच पडलेला नसतो. देवीच्या मूर्तीला दागिने घालून काढलेल्या चित्रासारखं ते असतं : भक्तीचं, आणि खोटं नसलेलं. प्रजाती ओळखायला बसलेल्या माणसाला मात्र एकाच जागेवरून येणारा उजेड लागतो, म्हणजे सावलीवरून उंची मोजता येते.

चिठ्ठी

संग्रहालयातल्या किड्याच्या टाचणीखाली एक इवलीशी चिठ्ठी असते. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी, कारण तो कुठून आला हेच कळत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीपासून झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियापर्यंत सगळ्या जुन्या संग्रहांचा हाच दंडक. आता हे नमुने फोटोंतूनच जगभर फिरतात. एखाद्या प्रजातीचा मूळ नमुना पाहायला विमानाने जाण्याऐवजी त्याचा फोटो मागवला जातो आणि त्या फोटोवरून निर्णय होतात. मग किड्याला चिठ्ठी लागते, तर त्याच्यावर पडलेल्या उजेडाला का नको?

काकांना मी त्या काळ्या भुंगेऱ्याचा दुसरा फोटो पाठवला. ठिपके गेले होते. त्यांच्या जागी पाठीच्या गोलाईवरून उतरणारा एक लांबट पांढरा पट्टा होता, कडांना फिका होत गेलेला. पूर्वीचा मी असतो, तर तो कॉम्प्युटरवर पुसून टाकला असता. तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं : 'एक फ्लॅश, वरून डावीकडे, घड्याळातल्या दहाच्या जागी. ट्रेसिंग पेपरचे दोन थर, मध्ये बोटभर अंतर. उजवीकडे पांढरं पोस्टकार्ड. पाठीवरचा पट्टा कागदाचा आहे, भुंगेऱ्याचा नाही.'